मामांची बिडी

बिडीवरून आठवलं बघा. त्र्याहत्तरचा उन्हाळा असंल. आमच्या मामांची अँबेसिडर मानवतच्या उन्हात सारखी बंद पडायची. सलीम मिस्त्रीनं कार्बोरेटरखाली फायबरची जाड पट्टी बसवली, इंजिनची धग वर पोचून पेट्रोल उकळू नये म्हणून. सांधे लाख लावून बंद केले. तिथून इंजिन हवा ओढत असंल तर पेट्रोल पडल्यावर त्याचा आवाज बदलतो, ते बघायला त्यानं चालू इंजिनच्या सांध्यावर जरासं पेट्रोल सोडलं, आन् नेमके मामा बिडी ओढत वाकले.

मिस्त्री ओरडला, "मामा, बिडी टाका!"

मामांनी टाकली. तिथंच, इंजिनवर!

भक्कन जाळ झाला. मिस्त्रीनं ओलं पोतं टाकून जाळ विझवला आन् मामांकडं वळला.

मामा म्हणाले, "लेका, तूच म्हनलास की टाका!"