बेशुद्ध पडण्याचा नैसर्गिक कल

फिद्दा : पुन्हा म्हणा, उस्ताद. सावकाश.

उस्ताद जिर्यिस : प्रो-क्लि-व्हि-टी.

फिद्दा : प्रोक्लिव्हिटी. औषधाचं नाव आहे?

उस्ताद : नाही.

फिद्दा : मग रोगाचं?

उस्ताद : शब्द आहे, पोरी. खानदानी शब्द. चाळीस वर्षं या करक गावात इंग्रजी शिकवलं मी. असला शब्द काही रोज भेटत नाही.

फिद्दा : रोज नाही, म्हणजे कधी भेटला होता?

उस्ताद : तो मुद्दा नाही.

फिद्दा : मग शब्दकोश कशाला उघडताय?

उस्ताद : खात्रीसाठी. कोर्टाच्या दारात टेबल टाकून अर्ज लिहिणारा माणूस खात्रीशिवाय अक्षर काढत नाही. हं, हे बघ. 'उपजत कल, बहुधा अनिष्ट गोष्टीकडे.' मूळ लॅटिन, अर्थ उतार. जमीन जिकडे उतरते, पाणी तिकडेच धावतं. तसा माणसाचा स्वभाव.

फिद्दा : आता अख्खी ओळ वाचा. आपल्या भाषेत.

उस्ताद : 'या भागातील स्त्रियांमध्ये बेशुद्ध पडण्याचा नैसर्गिक कल आढळतो. सबब एप्रिलच्या तीन ते वीस तारखेच्या दरम्यान शिलाई विभागात तेवीस स्त्रिया कोसळल्या, याचा कामाच्या जागेशी संबंध जोडता येत नाही.' खाली डॉक्टरांची सही, शिक्का. त्याखाली पोरींच्या आयांचे अंगठे, मग मोकळी जागा. 'कामगारांच्या वतीने, फिद्दा अवद.'

फिद्दा : वा! पाणी उताराला जातं तशा आम्ही फरशीला जातो.

उस्ताद : डॉक्टरसाहेब राजधानीचे आहेत, अम्मानचे. मोठं नाव आहे त्यांचं.

फिद्दा : आले होते ना. मॅनेजरच्या घरी मनसफच्या, मटण-भाताच्या परातीपुढे दोन तास बसले. शिलाईच्या खोलीत किती वेळ होते, विचारा.

उस्ताद : किती?

फिद्दा : दारातूनच परत गेले. आत फार कोंदट आहे म्हणाले.

उस्ताद : पण इंग्रजी चोख आहे त्यांचं.

फिद्दा : मलाही इंग्रजी येतं, उस्ताद. सात वर्षं शर्टाच्या मानेत तेच शिवतेय. थंड पाण्यात धुवा. ब्लीच करू नका. विस्तवापासून लांब ठेवा. सुती कापडाला काय काय सोसत नाही, ते सगळं लिहितात. आमच्या मानेला लेबल नाही, म्हणून हा कागद.

उस्ताद : हे बघ, मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे. दोन वाजता मॅनेजरची गाडी येणार. सही झाली, तर आठवडा सुरू होताच, रविवारी कारखाना उघडेल. नाही झाली, तर यंत्रं ट्रकवर चढतील आणि दुसऱ्या गावी जातील. चाळीस बायका घरी बसतील. तुझ्या बापाची इन्सुलिनची बाटली कोण आणतं?

फिद्दा : मीच आणते. तुम्हाला माहीत आहे.

उस्ताद : म्हणून तर म्हणतोय. एक शब्द तो! परदेशातल्या गिऱ्हाइकाला फाइलमध्ये एक कागद हवा. तो वाचणार, कपाट बंद करणार. शब्दानं कुणाचं हाड मोडत नाही.

फिद्दा : तेविसांतल्या सनाचं मोडलं. पडताना यंत्राच्या कडेवर आपटली. मनगट.

(कोर्टाच्या पायऱ्या चढून फिद्दाची आत्या, उम्म ज़ैद, धापा टाकत टेबलाशी येते. तिची मुलगी शुरूक त्या तेविसांतली पहिली.)

उम्म ज़ैद : केलीस का गं सही? झाली का? अल्लाची शपथ, या पायऱ्या ज्यानं बांधल्या त्याला आई नसणार.

फिद्दा : बस, आत्या. अजून नाही केली.

उम्म ज़ैद : नाही केली? अगं, वेडी की काय तू! मी सगळ्यांच्या आधी अंगठा दिलाय. कारखान्याचे ते कारकून घरोघर आले, पडलेल्या पोरींच्या आयांना कागद वाचून दाखवला. 'या भागातल्या स्त्रिया नाजूक प्रकृतीच्या आहेत.' काय गोड वाचलं! मला आजवर कुणी नाजूक म्हटलं नव्हतं. माझा नवरा तर मला ट्रॅक्टर म्हणतो.

उस्ताद : म्हणजे कारकुनानं 'नाजूक' असं वाचलं?

उम्म ज़ैद : नाजूक. दोनदा.

फिद्दा : ऐकलंत, उस्ताद? इंग्रजीत उतार, आणि उंबऱ्याशी येईपर्यंत नाजूक.

उम्म ज़ैद : तुला काय कळणार माझे हाल! शुरूक पहिल्यांदा पडली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, जिन शिरला. शेख येऊन पढून गेला. दुसऱ्यांदा पडली, तेव्हा कुणी जिनाचं नाव घेईना. सगळ्या तिच्या पोटाकडे बघायला लागल्या. माझी पोर! कुराण पुढ्यात ठेवून रडली ती. आणि आता डॉक्टरचा कागद आला, इंग्रजीतला, शिक्क्याचा, की हे आपलं निसर्गाचं आहे. जिन नाही, भानगड नाही. मुलाकडच्यांची तोंडं बंद. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, फिद्दा. कर सही आणि सुटू दे मला.

फिद्दा : आत्या, निसर्गाचं म्हणजे कुठून आलेलं?

उम्म ज़ैद : अल्लाकडून.

फिद्दा : वाटेत कुणाकडे थांबलं होतं?

उम्म ज़ैद : कुणाकडे म्हणजे?

फिद्दा : शुरूक कुणाच्या पोटातून आली?

उम्म ज़ैद : माझ्या! मग?

फिद्दा : मग तेही तुझ्याच पोटातून आलं. तसं लिहिलंय यात. तुझ्याकडून तिला, तिच्याकडून तिच्या पोरींना. उस्ताद, खरं की खोटं?

उस्ताद : 'नैसर्गिक' म्हटल्यावर... अर्थ तसा निघू शकतो. वंशपरंपरा नाकारलेली नाही.

उम्म ज़ैद : काय? माझ्या पोटातून? सात बाळंतपणं केली मी! पाचव्याच्या वेळी शेळ्या वळून आणल्या आणि मग झोपले! मी जन्मात कधी भोवळ येऊन बसलेसुद्धा नाही!

फिद्दा : मुलाचा काका पोस्टात आहे ना? त्याला इंग्रजी येतं म्हणतात.

उम्म ज़ैद : या अल्ला! पडणारी सून. पडणाऱ्या नाती. अहो उस्ताद, पुसा तो अंगठा! माझा तेवढा पुसा!

उस्ताद : अंगठा पुसता येत नाही, उम्म ज़ैद.

उम्म ज़ैद : मग घेताना कसा पटकन घेतला मेल्यांनी?

उस्ताद : दुसरा कागद करता येतो. आधीचा मजकूर चुकीचा वाचून दाखवला, म्हणून आम्ही तो मागे घेतो, असा.

फिद्दा : तो करा. इंग्रजीत. गिऱ्हाईक जे वाचतं त्याच भाषेत. आणि मी डॉक्टरांच्या कागदावर सही करणार नाही, हेही त्यातच घाला.

उस्ताद : पोरी, माझा परवाना हेच कोर्ट देतं. मॅनेजर हाकिमाबरोबर शिकारीला जातो.

फिद्दा : तुम्ही लिहिणारे. म्हणणारी मी.

उस्ताद : बरं. बरं! सुरुवात नेहमीसारखी करतो. 'आपल्या उंबऱ्याशी धूळ होऊन पडलेली ही दासी...'

फिद्दा : पडलेली नको. त्याच्यावरूनच तर सगळं चाललंय.

उस्ताद : मग काय लिहू? शाळा सोडून इथे बसल्यापासून एकही अर्ज मी याशिवाय सुरू केलेला नाही.

फिद्दा : 'मी फिद्दा अवद, शिलाई विभाग.' बस. पुढे लिहा. मार्चमध्ये खिडक्यांना बाहेरून खिळे ठोकले. पोरी बाहेर बघतात, हात थांबतो म्हणून. मग डाग काढायच्या फवाऱ्याचं टेबल गोदामातून उचलून त्याच खोलीत आणलं. पाचव्या दिवशी शुरूक पडली.

उम्म ज़ैद : त्या फवाऱ्याचा वास मला तिच्या केसांना यायचा. मी म्हणायचे, शाम्पू बदल.

फिद्दा : तेही लिहा.

उस्ताद : शाम्पू?

फिद्दा : वास. केसांचा. खिळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

उस्ताद : नेल.

फिद्दा : एवढाच?

उस्ताद : एवढाच. पहिल्या यत्तेतलं पोरही सांगेल.

फिद्दा : बघा. खिळा सांगायला एवढासा शब्द पुरतो. झाकायलाच लांबलचक लागतो.

उस्ताद : थांब, थांब. मला एक सुचलं. त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडावर मारू. 'व्यवस्थापनात खिडक्या बंद करण्याचा नैसर्गिक कल आढळतो.' काय! प्रोक्लिव्हिटी! गिऱ्हाईक खुर्चीतून उठेल.

उम्म ज़ैद : मस्त आहे हो! घाला, घाला!

फिद्दा : नको.

उस्ताद : अगं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा वापरायला मिळतोय मला हा शब्द!

फिद्दा : कल म्हटलं की तो सुटला. मग त्याचंही निसर्गाचं, त्यालाही इलाज नाही. उस्ताद, त्याचा कसला आलाय कल? हातोडी मागवली, सुताराला बोलावलं, उभा राहून एकेक खिळा मारून घेतला. मी बघत होते. 'ठरवून केलं' असं लिहा.

उस्ताद : ठरवून केलं.

फिद्दा : तेवीस बायका पडल्यावरही काढले नाहीत. तेही ठरवून.

उम्म ज़ैद : आणि रविवारी गं? रविवारी कारखाना नाही उघडला तर?

फिद्दा : तर नाही उघडला.

उम्म ज़ैद : चाळीस घरं तुला शिव्या देतील.

फिद्दा : देतील. तू पहिली देशील.

उम्म ज़ैद : देईन. पण सनाच्या आईपुढे नाही देणार.

उस्ताद : झालं. रिवाज आहे म्हणून आपल्या भाषेत वाचून दाखवतो, मग सही कर. ऐक. 'मी, फिद्दा अवद, शिलाई विभाग...'

फिद्दा : उस्ताद, वर्गात असेच पुटपुटायचात का?

उस्ताद : अगं, कोर्टाच्या दारात आहोत आपण. पायऱ्यांवर माणसं बसलीत.

फिद्दा : हो. शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं वाचा.