काचेच्या कपाटातलं भरीत

जळगावच्या स्टँडवर एरंडोलच्या एसटीची रांग. माझ्यापुढे बहीण-भाऊ.

“छगन, तुझ्या भुवया कुठे गेल्या रे?”

“जळाल्या, अक्का. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक काचेचं कपाट आहे. त्यातला विषारी धूर वरचा पंखा ओढतो आणि नळीतून गच्चीवर सोडतो.”

“मग?”

“त्यात आम्ही भरताची वांगी भाजली. कपाशीच्या काड्यांवर.”

“लॅबमध्ये गॅस नव्हता?”

“गॅसवरच्या वांग्याचं काय भरीत होतं, अक्का?”

“तेही खरं.”

“पण नळीत केमिकलचा चिकट थर होता. पंख्यानं ठिणगी ओढली आणि नळीच पेटली!”

“अगं बाई! प्रिन्सिपॉलसाहेबांना कळलं?”

“कळलं? मी वाळूची बादली उचलली, तर तेच ओरडले, ‘छगन, आधी वांगी काढ!’”

“काढलीस ना?”

“मग भुवया कशानं गेल्या?”