पाठीचं माप

—नाही नाही, तो गोल नको हो, तो छताला लावायचा असतो. मला माहीत आहे, मी काही पहिल्यांदा कॅमेरा घेत नाहीये. मागच्या दाराला आहे ना एक, तुमच्याच दुकानातून नेलेला, वर्ष होत आलं— तेव्हा तुम्ही नव्हतात, एक चष्मेवाले होते. सोडून गेले का? असो. आता समोरच्या दाराला हवाय. पावसात भिजला तरी चालला पाहिजे आणि अंधारात दिसलं पाहिजे. ते इन्फ्रारेड म्हणतात ना, तेच. डोळ्यांना न दिसणारा उजेड! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आमच्या हिला म्हटलं, न दिसणारा उजेड म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला बनवायचे धंदे. पण दिसतं हो. आमच्या मागच्या अंगणात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, आणि त्या कॅमेऱ्यात दोरीवर राहिलेला चिमटासुद्धा मोजून घ्यावा.

दाखवा, सावकाश दाखवा, मला घाई नाही. दुकान बंदच आहे माझं. म्हणजे— हल्ली दुपारनंतर बंदच ठेवतो. टेलर आहे मी. हा तुमच्या अंगावरचा शर्ट रेडिमेड ना? ओळखलंच. उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा, आणि कारखान्याला त्याचं काय सोयरसुतक! रागावू नका, सवय आहे जन्माची. काळा रंग शोभतो मात्र तुम्हाला. मी माणसाचं तोंड विसरेन, पण पाठ विसरत नाही. तोंड काय, माणूस हवं तसं करतो. पाठीला नाटक जमत नाही. म्हणून तर सापडला ना तो चोर!

हो तर. मागच्या कॅमेऱ्यानेच पकडून दिला. जाहिरातीत घाला तुम्ही, मी सही करून देतो. आमच्या मागच्या खोलीत एक ट्रंक होती. पैसाअडका नव्हे— त्यात माझे फर्मे होते. फर्मे म्हणजे पुठ्ठ्याचे आकार, त्यावरून कापड बेतायचं. कोटाचे, शर्टाचे, गळ्याचे, बाहीचे, चाळीस वर्षांत एकेक कातरून, दुरुस्त करून बसवलेले. आणि मापांच्या वह्या. अख्ख्या गावाच्या छात्या-कमरा होत्या त्यात, कोण कधी सुटला, कोण कधी वाळला, सगळं. ती ट्रंक एका रात्री गेली. कुलूप तोडलं नाही, काही नाही. किल्ली मशीनच्या मागे खिळ्याला असायची, आणि ते तिघांनाच ठाऊक— मला, माझ्या धाकट्या भावाला आणि बटणला.

बटण म्हणजे आमचा काज-बटणवाला हो. बुटका, वाटोळा, म्हणून बटण. एकतीस वर्षं माझ्या समोरच्या स्टुलावर बसला. हाताने काज करायचा, असं की मशीनने लाजावं. माझ्या मुलीच्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडला तो. बारा महिने पांढरा शर्ट. म्हणायचा, मास्तर, पांढऱ्यावर सुई सांडली तर लगेच दिसते. असा माणूस! आणि त्याने— जाऊ द्या. केसाने गळा कापला म्हणतात ना, तसं. नाही, परका असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ज्याला आपण घरचा म्हणतो, त्याने?

नाही, तोंड नाही दिसलं. टोपी होती, मान खाली, ट्रंक खांद्यावर. पाठ दिसली फक्त. पण मला पाठ पुरे! खांद्याखाली जोड, जोडाच्या मधोमध दोन बोटांची चुणी, ती कमरेपर्यंत सोडलेली— असा शर्ट अख्ख्या गावात कोणी शिवत नाही, माझ्याशिवाय. आणि तसे शर्ट मी दोनच शिवले. मुलीच्या लग्नात. एक बटणला, एक धाकट्याला. दोघांची मापं एकच, बघा गंमत— छाती चाळीस, पाठ साडेसतरा. धाकटा कधी ट्रायलला यायचा नाही, त्याला वेळ कुठे, तो रेडिमेडच्या कारखान्याला माल पुरवतो. मग मी काय करायचो, त्याचा शर्ट बटणच्या अंगावर चढवायचो, टाचण्या मारायचो. बटण म्हणायचा, मास्तर, तुमच्या भावाचा अर्धा जन्म मीच उभं राहून काढला. हसायचो आम्ही.

तर दोन शर्ट. बटणचा पांढरा, धाकट्याचा काळा. आणि कॅमेऱ्यात? पांढराशुभ्र! आता याच्यापुढे पुरावा काय हवा?

खरं सांगू का, कोणाला सांगितलं नाही मी हे. ट्रंक गेली तेव्हा माझ्या मनात आधी धाकट्याचं नाव आलं होतं. सख्खा भाऊ, पाठचा, मी बोट धरून शाळेत सोडलेला. पण त्याने दोनदा फर्मे मागितले होते कारखान्यासाठी. दादा, आता कोण शिवून घेतंय, देऊन टाक, त्यांचे कोट तरी नीट बसतील. मी म्हटलं, माझ्या जिवंतपणी नाही. मग चार दिवस बोलला नव्हता. म्हणून आलं मनात. पाप आलं हो! आणि मग तो व्हिडिओ लावला, धाकटाच शेजारी बसला होता, मोबाइलवर त्यानेच तारीख शोधून दिली— आणि पांढरा शर्ट दिसला. आधी तर तो एकदम गप्पच झाला. मला वाटलं, बटणसाठी वाईट वाटलं त्याला. मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, दादा, पांढरा कोण घालतं ते तुला मी सांगायला नको. आणि मला, काय सांगू तुम्हाला, इतकं हलकं वाटलं! रक्ताचा माणूस नव्हता. देव पावला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बटणला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. गिऱ्हाइकं होती दोन, त्यांच्यासमोरच. त्याने बोटातली टोपी काढली, सुई टोचू नये म्हणून घालतात ती, मशीनवर ठेवली. मग म्हणाला, मास्तर, मला एकदा तो व्हिडिओ दाखवा. मी नाही दाखवला. चोराला कशाला दाखवायचा? वर आमची ही मला म्हणते, बटणभावोजी असं करणार नाहीत, मला पटत नाही. म्हटलं, तुला नाही पटत, पण कॅमेरा काय खोटं बोलतोय? तेव्हापासून आमच्या घरात जेवणापुरतं बोलणं आहे.

आता बटण पुढच्या गल्लीत लाँड्रीत बसतो, तुटकी बटणं लावतो. परवा समोर आला. मीच मान फिरवली. आणि मोठ्या दुकानाच्या काचेत कोट पाहिला मी— माझी बाही! माझी बेतणी! बघा, म्हटलं, विकले बटणने कारखान्याला. धाकट्याला विचारलं, अरे, तुझ्या ओळखीचे आहेत ना ते? तर म्हणाला, दादा, आता ते उकरून काय मिळणार, त्यापेक्षा समोरही कॅमेरा बसव. काळजी करतो तो माझी. तेवढाच उरलाय. त्या काळ्या शर्टाचं म्हटलं तर— घट्ट झालाय, घालत नाही म्हणाला. अरे, आण, उसवून देतो, शिलाईत कापड ठेवलंय मी. तर म्हणे, राहू दे, देऊन टाकला कोणाला तरी. असा वेंधळा.

हां, दाखवा. ही कपाटाएवढी पेटी कशाला? अच्छा, अंधार करून दाखवता. करा. आत कोण उभं राहणार, तुम्ही? राहा. पडदा लावा नीट, उजेड येतोय. हां, टीव्हीवर चित्र आलं. वा, चांगलं दिसतंय की मागच्यापेक्षा. तुमच्या हातातलं घड्याळसुद्धा—

थांबा. पडदा काढू नका.

तुम्ही मघाशी काळा शर्ट घातला होता ना? बदलला नाही ना मध्येच? मग हा— हा पांढऱ्या शर्टातला कोण उभा आहे? तुम्हीच? हात हलवा बघू. दुसरा.

बिघडलाय का हा? नाही? असंच दिसतं म्हणजे? सगळंच काळं असं दिसतं का? माझी छत्री धरा पुढे, ही काळीच आहे. ही काळीच राहिली की! मग तुमचा शर्टच का— रंगावर असतं? कापडावर आणि ते कशात रंगवलंय त्यावर. काही काळे कपडे हा उजेड परत फेकतात. बरं. कसलं कापड असतं असं? कृत्रिम सूत, चकचकीत—

त्याचं सॅटिनच होतं. निम्मं कृत्रिम. मीच निवडलं, धाकट्याला उठून दिसेल म्हणून.

चष्मेवाल्यांनी सांगितलं नाही मला हे. नाही, तुमची काय चूक. मी विचारलंच नाही. मी कशाला विचारेन? मला कापडातलं कळतं ना! चाळीस वर्षं हात फिरवून सूत ओळखतो मी, अंधारात ओळखतो—

तो गप्प बसला होता हो. स्वतःची पाठ पांढऱ्यात बघून. त्याला सुटका झाल्यासारखं वाटलं असेल आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच पाठीवर. शेजारी बसून मला म्हणतो, मी सांगायला नको. अरे, तुला मी कडेवर घेऊन वाढवला रे.

आणि बटण नुसतं म्हणत होता, एकदा दाखवा.

वाजू दे फोन. धाकटाच असणार, कॅमेरा घेतला का विचारायला. वाजू दे म्हटलं ना!

ही लाँड्री किती वाजता बंद होते, पुढच्या गल्लीतली? सातला? तो व्हिडिओ आहे अजून माझ्या मोबाइलमध्ये, पुसला नाही मी. बटण बघेल का आता? दारात तरी उभं करेल का मला?

नाही, नको. पाणीही नको. तो कॅमेरा ठेवा आत, मला नकोय. दुसराही नको. अहो, एकदा सांगितलं ना, काही नको! पडदा काढा आणि जाऊ द्या मला.