शाळेचा वाटा

(सन १९३२, फाल्गुन. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातली शाळा. पोरं घरी गेली आहेत.)

सोनूबाई : न्हाय मास्तर, आदी मला समजू द्या. चौथी बंद म्हंजे काय? चौथीनं कुनाचं काय घोडं मारलंय?

बाळाजी मास्तर : चौथीनं नाही हो. सरकारच्या अंदाजपत्रकात तूट आली. जिल्ह्याच्या शाळा बघणाऱ्या बोर्डाला कमी मिळालं, बोर्डानं शाळांना कात्री लावली. इथं आता दोघांतला एकच मास्तर राहणार, तिसरीपर्यंत. माझी बदली माणगावला.

सोनूबाई : अंदाजपत्रक म्हंजे?

मास्तर : वर्ष सुरू व्हायच्या आधीच लिहायचं, यंदा किती येणार आणि कुठं किती द्यायचं.

सोनूबाई : आदीच? जालं पान्यात पडलं न्हाय आनि वाटे पाडायचे?

मास्तर : तसंच काहीसं.

सोनूबाई : आमच्यात असं कुनी केलं तर त्याला येडा म्हनतील. मासली किनाऱ्याला लागली का मग नावेचा वाटा, जाल्याचा वाटा, खलाशांचे वाटे. बरं, यंदा सरकारची मासली गेली कुटं?

मास्तर : भाताला भाव नाही, शेतसारा थकला. आणि आबकारी घटली.

सोनूबाई : ती कोन?

मास्तर : दारू-ताडीवरचा कर. त्यातलं पुष्कळ शाळांना येतं. काँग्रेसवाले गुत्त्यांपुढं उभे राहिले, लोकांनी पिणं कमी केलं.

सोनूबाई : अगो बाय! माझ्या रंगूच्या बापानं बी मागल्या सालीच सोडली. मी देवाला नारल फोडला. म्हंजे ते झिंगून पडायचे तवा पोरगी शिकत व्हती, आनि शुद्धीवर आले तर शाला बंद?

मास्तर : ऐकायला विचित्र आहे, पण आहे खरं.

सोनूबाई : परत प्यायला सांगू का त्यांना?

मास्तर : एका माणसानं भागायचं नाही, सोनूबाई.

सोनूबाई : बरं, कात्री सगल्याच गावांना लागली?

मास्तर : नाही. तालुक्यात सहा शाळांना.

सोनूबाई : मग त्या सहांत आमी कसे? तुमचा पगार अडकला तवा दर नावेमागं शालेचा वाटा काढला आमी, दोन सालं. दुसऱ्या कुठल्या गावानं काढला?

मास्तर : कुणीच नाही. आणि तेच नडलं.

सोनूबाई : कसं?

मास्तर : वार्षिक अहवालात मीच लिहिलं ते. इथले लोक गरीब, पण दर नावेमागं शाळेचा वाटा काढतात, छप्पर शाकारतात, मास्तराला उपाशी ठेवत नाहीत. वळणदार अक्षरात, मोठ्या कौतुकानं लिहिलं. वाटलं, बोर्डाचे साहेब वाचतील, गावाला शाबासकी देतील. त्यांनी वाचलं. उत्तर आलं, सदर शाळेचा भार ग्रामस्थ उचलीत असल्याने अनुदान कमी करण्यास हरकत नाही.

सोनूबाई : आमी दिलं, म्हनून त्यांनी काढलं?

मास्तर : चूक माझी. तुमच्याकडं बघायचीही लाज वाटते.

सोनूबाई : खोटं लिवलं व्हतं का?

मास्तर : नाही.

सोनूबाई : मग लाज कसली? राग आलाय मला, पन तुमचा न्हाय. कुनाचा धरावा तेच कलत न्हाय. वाटा वाढवला तर ऱ्हाल?

मास्तर : पावसाळ्यात नावा वर ओढल्यावर वाटा कुठून काढाल? आणि बदलीला नाही म्हटलं तर नोकरी जाते. माझी म्हातारी आई आहे हो घरी.

सोनूबाई : खरं हाय.

मास्तर : रंगूला चौथीसाठी रेवदंड्याच्या शाळेत घाला ना.

सोनूबाई : रोज खाडी पार करून? बाप न्हाय धाडायचा. मासली सुकवायला बशीवल तिला. जलमभर अंगठा उठवील, माझ्यासारका.

मास्तर : हुशार आहे पोर.

सोनूबाई : मला ठाव हाय. चौथीत शिकवायचं ते किती दिसांचं असतं?

मास्तर : वर्षाचं.

सोनूबाई : तुमी जानार कवा?

मास्तर : महिनाअखेर. एकवीस दिवस उरलेत.

सोनूबाई : उद्यापासून शालेच्या आदी घेऊन येते तिला.

मास्तर : मी शिकवीन, जीव ओतून शिकवीन. पण एकवीस दिवसांचं शिकणं किती टिकणार? विसरून जाईल ती.

सोनूबाई : म्हनून तर मी बी बसनार हाय तिच्या बाजूला. ती इसरली तर आठवन करून द्याया घरात कोनतरी नको?