सारवायचा राहिलेला कोपरा

भोकरदनच्या स्टँडवर माझ्या पुढच्या बाकड्यावर दोघी होत्या. सोनूबाईंच्या मांडीवर मातीचं गाठोडं. राजूरच्या गणपतीला निघालेल्या चतुराबाईंच्या मांडीवर नारळ आणि तोंडात चौकश्या.

“माती कुणाला व?”

“आमच्या नातीला, कुसुमला. कालेजात तिनं आमच्या जुन्या घराची भिंत उभी केली. तेच तिचं पीयचडीचं संशोधन.”

“भिंत सारवून डाक्टर? मंग मी कवाच झाले असते!”

“हास तू. सिमेंटचं घर झालं तवापासून माझ्या हाताला माती न्हाई.”

“मंग आता नुसती भिंत पाहून येशील?”

“न्हाई. एक कोपरा माझ्या हातासाठी ठिवलाय तिनं. त्याच्याबिगर भिंत पुरी न्हाई म्हणली.”

चतुराबाईंनी गाठोड्यातली माती चिमटीत घेऊन चोळून पाहिली.

“चतुरे, राजूरची गाडी लागली तुझी.”

“जाऊ दे तिला. कोपरा केवढा हाय व?”