एकदाच विचारतात

माह्या बाबाचं आयका. मांगच्या साली ते आसेगावहून माह्याकडे शिकागोले आले, तवा मी त्यायले फ्रेंच हॉटेलात जेवाले नेलं. सगळा वेळ त्यायची नजर बाजूच्या टेबलावरच्या कस्टर्डवर. वेटरनं गोड आणू काय विचारलं, तं लाजून म्हणे, "नो, नो." वेटर हसला अन् बिलच घेऊन आला.

"काहून वं, पुन्हा नाही विचारत काय हे लोक?"

"इकडं एकदाच विचारतात, बाबा."

औंदा मी माहेरी आली. निघायच्या दिवशी बाबा म्हणे, "राह्य ना अजून दोन दिवस." सुट्टी होती हाती, पण मी आपलं रीतीपरमानं म्हटलं, "नाही बाबा, निघते," अन् उंबऱ्यावर थांबली.

बाबानं माही बॅग ऑटोत नेऊन ठेवली.