पेटीत बायको, मंचावर सत्कार

...आणि लोक मलाच विचारतात, बायकोला पेटीत एवढा वेळ का ठेवलंत! अहो, मी ठेवली होती दोन मिनिटांसाठी! पुढचं माणिकरावांना विचारा, तेलुगू सीमेवरच्या तामसी गावच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष!

तुम्हाला सांगतो, जादू म्हणजे क्रम! आधी रुमालाची फुलं, मग विनोद. माणूस हसला की नजर हलते, नजर हलली की आपला हात चालतो. कचेरीत क्लार्क होतो तेव्हाही हेच करायचो... म्हणजे विनोद हो, हात नव्हे!

शेवटी मोठा खेळ. आमची पद्मिनी पेटीत, झाकण बंद, मंतर, झाकण उघडं, पेटी रिकामी! टाळ्या! ती खालच्या चोरकप्प्यात मुटकुळं करून बसलेली. आता मी विनोद सांगायचा, झाकण लावायचं, कप्प्याची बाहेरची कडी हळूच काढायची आणि ती हसत बाहेर. क्रम!

तोच माणिकराव माइकवर! "थांबा जादूगारसाहेब, पब्लिक हाय तवर सत्कार उरकून घेऊ!"

सरपंच, सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन, होऊ घातलेले चेअरमन... प्रत्येकाला हार, नारळ आणि भाषण! एक पाहुणे तेलुगूत बोलले, मग मराठी लोकांना वाईट वाटू नये म्हणून तेवढंच मराठीत! आणि बायको खाली! कप्पा उघडावा तर गुपित फुटतं, न उघडावा तर संसार!

पेटीतून टकटक. मी खोकलो. पुन्हा टकटक, पुन्हा खोकलो. समोरच्या रांगेतली गावची बयनाबाई म्हणते, "अवो माय, जादूगाराले डांग्या खोकला झाला वाटते!"

मी माणिकरावांच्या कानात, "अहो आवरा, क्रम बिघडतोय!" तर ते माइकवरच, "तुमचा बी नंबर लागते ना साहेब, घाई काऊन करून राह्यले?" पब्लिक हसली! माझ्या विनोदांना कधी हसली नव्हती एवढी!

आणि मग पुकारा... "आता जादूगारसाहेबांच्या सौभाग्यवतींचा साडी देऊन सत्कार! वहिनी, असाल तिथून मंचावर या!"

असाल तिथून! मी डोळ्यांनी, मानेनं, खांद्यांनी नाही-नाही करतोय, आणि पेटीतून आवाज, "आली वो भाऊ! पण कडी कोण काढन?"

मंडप हसून लोळला. काढली कडी, काय करता! क्रम गेला, गुपित गेलं, आणि पद्मिनी साडी घेऊन वर माइकवर चार शब्द बोलली!

पुढच्या वर्षी इचोड्याच्या मंडळवाल्यांचं आमंत्रण. मी खुशीत फुलं-रुमाल काढले, तर ते म्हणतात, "वहिनी पेटीतून बोलतात तेवढं ठेवा. बाकी जादू नसली तरी चालते."

आता पद्मिनी पेटीत हातपंखा आणि तांब्या घेऊन बसते. आणि मी? मी आदल्या दिवशी गावात जातो... सत्काराला माणसं जमवायला!